टोळ्यांचा तक्ता

आमचं मुलींचं कॉलेज मुलांच्या कॉलेजात विलीन झालं, तेव्हा सगळ्यात जास्त तयारी मी केली होती आणि सगळ्यात मोठा घोटाळाही मीच केला.

जुनं कॉलेज म्हणजे आमच्या भागात मुलींसाठी निघालेलं पहिलं. सुटायच्या वेळी फाटकावरच्या शिपाईबाई मोहल्ल्यांची नावं पुकारायच्या. "राजपुरा, निघा! सिंधीपुरा, चपला घाला!" मग मोहल्ल्यागणिक टोळी करून आम्ही घरी. या टोळ्यांच्या भरवशावरच आईबापांनी पोरींना बीएपर्यंत येऊ दिलं होतं. नव्या कॉलेजात बाईंना जागा नव्हती. त्यांचं काम मी अंगावर घेतलं, कुणी सांगितलं नसताना.

बाई सुटताना नुसत्या ओरडायच्या. मी सकाळी येतानाच्या टोळ्यांचाही तक्ता केला. मुलीचं नाव, मोहल्ला, सकाळी कुठल्या कोपऱ्यावर जमायचं, किती वाजता. लाल शाईनं रेघा मारल्या, नोटीसबोर्डावर लावला आणि कुणी फाडू नये म्हणून काचेला कुलूपही लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी राजपुऱ्याच्या कोपऱ्यावर कॉलेजातली निम्मी पोरं आमची वाट बघत उभी. एकजण घड्याळ बघत म्हणाला, "दीदी, तुमची पार्टी चार मिनिट लेट आहे."

माझ्याच टोळीतल्या मैत्रिणीला हसू आलं नाही. ती तापीकाठच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, मावशीकडे राहून शिकणारी. एक जरी गोष्ट कानावर आली तर परत गावी, असं वडिलांनी बजावलं होतं. तक्ता काढायला मी अर्ज दिला, पण कुलूप उघडण्याआधी तिचे वडीलच येऊन तक्त्यासमोर उभे राहिले.

"हे कोनं लिवलं वं?"

"मी, काका."

"अक्षर मोत्यावानी हाये. माही पोर कवा कुठं उभी राह्यते, आता साऱ्या बऱ्हानपूरले मालूम हाये."

मी सुधारित तक्त्याचा मुद्दा काढला. मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं.

"बाबा, मी हिच्या टोळीत जातच नाही. मावशीची सायकल पडून आहे, ती शिकते. कधी निघायचं ते माझं मी बघेन."

काकांनी काचेवरून तिच्या नावावर बोट ठेवलं. "हिच्या यादीत नाही ना राह्यनार?"

"नाही."

"मंग जाय."

ती दोनदा पडली, पण कॉलेज सुटलं नाही. पुढे एकदा म्हणाली, "उद्यापासून माझ्या मागे कॅरिअरवर बस."

मी विचारलं, "किती वाजता?"

"असं विचारशील, तर चालत ये."