सुलूवहिनी ॲडमिनवरून हटेना

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी अलिबागला वेबसाइट बनवून देते. जिला दिवसभर क्लाएंट छळतात तिला भुतं आणखी काय छळणार? त्यामुळे हे लिहितानाही मला भीती वगैरे वाटत नाहीये, नुसती चिडचिड होतेय...

चौलला माझ्या मावशीच्या मुलांची सुपारीची वाडी आहे. धाकटा प्रकाशदादा आणि त्याची बायको सुलूवहिनी यांनी तिथे तीन खोल्यांचं होमस्टे काढलं. दादा गेल्या वर्षी अचानक गेला. तेरावं झालं आणि वहिनी पुन्हा उभी राहिली — पाहुणे, जेवण, बुकिंग, सगळं एकटी. साइट मीच केलेली. त्यात वहिनी ॲडमिन, म्हणजे दर, फोटो, फोन नंबर, सगळं तिच्या हातात.

मग पनवेलहून थोरल्या विलासदादाचा फोन आला. "तिला स्टाफ कर. बुकिंग नुसतं बघू दे. बाकी कंट्रोल माझ्याकडे. नंबरपण माझा टाक."

म्हणजे पाहुणे फोन करणार पनवेलला, आणि वहिनी स्वतःच्याच घरात स्वयंपाकीण! मी भांडले. पण डोमेन त्याच्या नावावर, वाडीवर त्याचं नाव. मालकाने सांगितलं की आमच्या धंद्यात करावं लागतं. निदान तिच्या कानावर घालावं म्हणून वहिनीला फोन केला.

"कर गो, तू तुझा काम कर," ती शांतपणे म्हणाली. "मी राखणदाराला सांगून ठेवलाय."

आमच्याकडे वाडीला राखणदार असतो. जुन्या झाडाखाली त्याला नारळ ठेवायचा, नवं काही करायचं तर आधी त्याला सांगायचं. साइट सुरू झाली तेव्हाही वहिनीने नारळ ठेवला होता. तेव्हाही मी वैतागले होते — सर्व्हर सिंगापूरला, राखणदार चौलला!

सकाळी तिचा रोल बदलून स्टाफ केला. अपडेट दाबलं, लॉगआउट करून खात्री केली. जेवून येते तर — ॲडमिन. वाटलं, सेव्ह झालं नसेल. पुन्हा केलं. पुन्हा ॲडमिन. शेवटी तिचं अकाउंटच डिलीट केलं. चहा घेऊन बसते तो बाई यादीत ठाण मांडून हजर! पासवर्ड बदलले, प्लगिन काढले. कोणी काय बदललं याची नोंद साइट ठेवते. तिला काढल्याच्या माझ्या नोंदी त्यात होत्या, परत घेतल्याची एकही नाही. होस्टिंगच्या सपोर्टवाल्याला विचारलं तर म्हणे, "मॅम, कॅशे क्लिअर करा." घराला आग लागली तरी हा कॅशेच क्लिअर करायला सांगेल.

विलासदादाला वाटलं, मी टाळतेय. तो तणतणत अलिबागला आला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याच्यासमोर मी नवी कोरी साइट उभी केली. जुनी यादी आणलीच नाही. एकच युजर — विलास, ॲडमिन.

"दाब तुझ्या हाताने," मी म्हटलं. त्याने दाबलं. पान उघडलं.

सुलू — ॲडमिन. विलास — स्टाफ.

मी पान पुन्हा उघडलं. तेच.

"तूच करतेस हे," तो म्हणाला.

"बोट कोणाचं होतं?"

"मग तिने केलं!"

वहिनीचा फोन लावला तर बंद. शेजाऱ्यांकडून कळलं, तो दुरुस्तीला रेवदंड्याला दिलेला. दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, उघडून ठेवलाय. आणि कॉम्प्युटर त्या घरात कधी नव्हताच.

विलासदादा उठला. चपला घालता घालता हळूच म्हणाला, "नारळ ठेवला होता का तिने?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्याने रोलचा विषय काढला नाही. भावकीत मात्र सांगत सुटला की मी वहिनीला फितूर आहे.

आणि वहिनी? ती पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन माझ्या दारात. डोळ्यांत पाणी. "सगळी गप बसली गो. तू एकटी माझ्या पाठीशी राहिलीस."

"अगं वहिनी, मी नाही! मी तुला काढत होते. डिलीटसुद्धा केलं!"

"व्हय, व्हय," ती हसून डोळे पुसत म्हणाली. "विचारला कोनी तर असाच सांग."

कितीदा सांगितलं, पण तिला पटत नाही. विलासदादालाही पटत नाही. होमस्टेचा फोन अजून वहिनीच उचलते.

हे कसं झालं ते मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा, फक्त कॅशे क्लिअर करा म्हणू नका. माळ स्वयंपाकघरात टांगली आहे. रोज तिच्यातला कांदा काढताना माझा जीव जळतो... कारण वहिनी ज्याबद्दल आभार मानून गेली, ते खरं तर मी करायला हवं होतं.