बांधून ठेवलेला मथळा

बाबांना एका जागी बसवत नसे. अग्रलेखसुद्धा ते कल्याणच्या आमच्या छापखान्यात येरझाऱ्या घालत सांगायचे आणि मी एकेका अक्षराचे शिशाचे खिळे जुळवायचे. गावात ऑफसेटची नवी छपाई आलेली, पण आमचं साप्ताहिक अजून खिळ्यांवरच चालायचं. अंक निघाला की खिळे सुटे करून पुन्हा कप्प्यांत टाकायचे. एक मथळा मात्र आम्ही कधी मोडत नसू : 'ठाकुर्लीला पाणी कधी?' दर उन्हाळ्यात लागायचाच, म्हणून सुतळीने बांधून फळीवर ठेवलेला.

त्याच मथळ्यावर बाबा निवडणूक लढले आणि नगरसेवक झाले. गुलालाने माखलेले घरी आले तेव्हा मला आनंदाने रडू आलं.

पुढच्या उन्हाळ्यात ठाकुर्लीत आमच्या घराबाहेर मी पुन्हा टँकरच्या रांगेत, कळशी घेऊन. मागची शेजारीण म्हणाली, "काय गं, तुझे बाबा आता गप का? पेपर बंद पडला काय?"

माझे कान तापले. तशीच छापखान्यात गेले. फळी रिकामी होती. बाबांनी तो मथळा स्वतःच मोडून खिळे कप्प्यांत टाकले होते.

"आता आपण आत आहोत," ते म्हणाले. "कामं आतून होतात. जरा दम धर."

"रांगेत उभं राहून दम धरायला तुम्ही येता का?"

ते उठून बाहेर गेले. त्या आठवड्यात पहिल्या पानावर त्यांच्याच सत्काराचा फोटो लागणार होता. मी डोक्यात राख घालून घेतली. फोटोचा ठोकळा बाजूला काढला, एकेक खिळा वेचून तीच ओळ जुळवली आणि खाली जोडलं : 'नगरसेवकांनी उत्तर द्यावं.'

प्रूफ वाचल्याशिवाय बाबा पान मशीनवर चढू देत नसत. ते आले, कागद हातात घेतला आणि फेऱ्या मारू लागले. दारापर्यंत, परत, पुन्हा दारापर्यंत. मला त्यांच्या रागाची भीती नव्हती. हसून ते कागद खिशात घालतील याची होती. तसं झालं असतं तर मी छापखान्यात पुन्हा पाय ठेवला नसता.

ते थांबले. पेन्सिलीने 'नगरसेवकांनी' या शब्दावर काट मारली. मग त्याच्यावर त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

"नगरसेवक पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला कळायला नको? आणि अंक निघाल्यावर हे मोडू नकोस. बांधून ठेव."