सासूबाईंचे डोळे

आमच्या सासऱ्यांइतका मेलेल्या माणसांत रमणारा माणूस अख्ख्या जव्हार संस्थानात दुसरा नव्हता, आणि जिवंत माणसांना त्यांच्याइतकं घाबरवणाराही नव्हता. त्यांचं घर साखरशेतला. कोणी गेलं की त्याच्या नावाने दगड घडवून गावाबाहेर बसवायचा, म्हणजे जीव तिथे टेकतो, ही आमच्या डोंगरातली रीत. त्या दगडाला म्हणायचं वीर. बाकीचे कारागीर चंद्र-सूर्य आणि एक घोडेस्वार कोरून मोकळे होत. मामा, म्हणजे आमचे सासरे, मात्र मयताच्या घरी जाऊन बसत आणि विचारत, ‘म्हातारा भात आधी खायचा का कालवण? चिडला का कोणता कान खाजवायचा?’ सगळं समजल्याशिवाय छिन्नीला हात लावायचा नाही. अर्धवट वीर अंगणात उभे असत आणि त्यांच्याशी यांच्या गप्पा चालत. ‘नीट बस रे, जितेपणी पण वाकडाच बसायचास!’ अशी दटावणी मी स्वतः ऐकली आहे. दगड काही बोलला नाही. पण मी निघालो तेव्हा तो सरळ दिसला, हे देवाशपथ सांगतो.

जिवंत माणसाचा दगड घडवायचा नाही, हा त्यांचा नेम. एका बड्या अंमलदाराला स्वतःचा पुतळा हवा होता. शिपाई तसा निरोप घेऊन आला, तर मामांनी मुंडासं उतरवलं आणि गहिवरून विचारलं, ‘अरेरे! कधी गेले?’ माझ्या लग्नात, अंगाला हळद लागलेली असताना, त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, ‘जावईबापू, नाक सोपं आहे.’ त्यानंतर कितीतरी दिवस मला साधी शिंक आली तरी घाम फुटायचा.

दगडाचे डोळे ते सगळ्यात शेवटी कोरत. डोळे उघडले की मेलेलं माणूस घर सोडतं आणि दगडात जाऊन बसतं, असं ते सांगत. म्हणून सासूबाई गेल्या तेव्हा त्यांनी हनुवटीवरच्या गोंदणासकट त्यांचा चेहरा घडवला आणि डोळ्यांपाशी येऊन हात आखडला. भाताची दोन पिकं निघाली, तरी दगड आपला चुलीजवळ भिंतीला टेकून. गावात कुजबुज सुरू झाली. एकदा भर दुपारी मी आणि बायको तिकडे गेलो. मामा अंगणात बसलेले, घरात दुसरं कोणी नाही, आणि आतून सुपात धान्य पाखडल्याचा आवाज. मामा विडी शिलगावत म्हणाले, ‘सासू तुमची. नाचणी पाखडतेय.’ मी धीर करून दाराआडून डोकावलो. जमिनीवर सूप आणि शेजारी कोंड्याचा ताजा ढीग होता.

बायको घाबरली नाही, ती चिडली. ‘बा, आय जिती होती तवा पाखडत होती, दळत होती. मेल्यावर पण तेच? कधी बसायचं रे तिनं?’

मामांच्या हातातली विडी विझून गेली. मग हळूच म्हणाले, ‘ती गेली का घर लई मोठं होतं गं.’

‘होऊ दे,’ ती म्हणाली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड बैलगाडीत घालून गावाबाहेर नेला. पोशेऱ्याहून सासूबाईंचा भाऊ आला होता. तो म्हणाला, ‘दाजी, हातात सूप तरी कोरा, ओळखायला.’ मामा खेकसले, ‘काही नको तिच्या हातात!’ मांडी घालून बसलेली बाई, दोन्ही हात रिकामे. डोळे कोरताना मामांची छिन्नी दोनदा घसरली. झाल्यावर, बायकोला माहेरी पाठवताना सांगावं तसं ते म्हणाले, ‘जा आता.’ आम्ही घरी परतलो तर सूप खुंटीला टांगलेलं. ते कोणी टांगलं, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

मामा पुढे खूप वर्षं जगले. नाचणी स्वतःच पाखडायचे; अर्धी अंगणात सांडायची आणि कोंबड्यांची चंगळ व्हायची. पाखडता पाखडता मध्येच हात थांबवून ते घराकडे कान द्यायचे. आतून काहीच ऐकू यायचं नाही.