माझ्यानंतरची खुर्ची

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गोकुळाष्टमीच्या दुपारी गच्चीवर तीन पत्तीची तीन टेबलं लागत. एका वर्षी कोणाचे तरी पाहुणे म्हणून चेंबूरचे एक गृहस्थ आले. त्यांचं नाव मी विचारलं नाही. अर्धा तास ते खेळलेच नाहीत. चहाचा कप घेऊन प्रत्येक टेबलामागे उभे राहायचे आणि पत्त्यांऐवजी माणसं बघायचे.

"बसा की," मी म्हणालो.

"पत्ते कुठेही तेच. खुर्ची निवडावी लागते. जो पत्ते न बघता पैसे लावतो, त्याच्यानंतर आपली पाळी यावी."

हा हिशेब मला फार पटला. माझ्या खिशात साठ रुपये होते, त्यांतले चाळीस मुलीच्या दप्तरासाठी राखलेले.

थोड्या वेळाने ते आमच्या टेबलाशी आले. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांनी रुमाल नेमका माझ्यानंतरच्या खुर्चीवर टाकला.

समोरचा शेजारी हसला. "काय रे, तुझ्यात काय बघितलं त्यांनी?"

मी आठवून पाहिलं. सात डाव मी पत्ते न बघता लावले होते आणि खिशात बेचाळीस उरले होते. त्यापुढे मी प्रत्येक वेळी आधी पत्ते उचलले आणि वाईट असले की मुकाट्याने ठेवून दिले.

असे पाच डाव झाल्यावर गृहस्थांनी रुमालाची घडी घातली.

"आता इथे माझं काम नाही," ते मला हळूच म्हणाले आणि उठून त्या समोरच्या शेजाऱ्यानंतरच्या खुर्चीत जाऊन बसले.

"या, या," शेजारी म्हणाला. "इकडे वाराही चांगला येतो."