पेंढ्याची घोडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — तेही मला धड ठाऊक नाही.

कर्जतला माझा शिवणक्लास आहे. तुकडे जोडून चादरी करणं, कापडाचे प्राणी घडवणं हे मी वीसेक वर्षं शिकवतेय. माझे हत्ती लोक कौतुकानं नेतात. पण आत तार घातल्याशिवाय त्यांची मान कधी उभी राहिली नाही.

चिंध्या न्यायला चांगुणा यायची, डोंगरपायथ्याच्या ठाकरवाडीतली. तिचा नवरा माथेरानला घोडीवरून प्रवाशांना फिरवायचा. पावसाळ्यात घोडी खाली वाडीत यायची आणि चार महिने तिला तेल लावून रगडायचं काम चांगुणाकडे असायचं. घोडी म्हातारी झाली, गेली. त्यानंतर चांगुणानं ती कापडाची केली.

बचत गटांच्या प्रदर्शनासाठी तिनं ती टेंपोतून आणली. हॉल दोन दिवसांनी मिळणार होता, म्हणून माझ्या क्लासात ठेवली. वासराएवढी असेल. माझ्याच चिंध्या — शाळेच्या गणवेशाची खाकी, ब्लाउजांचे खण, कुणाच्या तरी लुगड्याचे काठ. घोडी पाणी प्यायला खाली वाकली होती. मान पुढे झुकलेली, तरी लोंबत नव्हती — आपल्याच ताकदीनं तोललेली. मी तिच्याभोवती फिरत राहिले. देवळात गेल्यावर आपण उगाच हळू बोलू लागतो ना, तसं काहीसं झालं.

तार कुठली घातली, मी विचारलं. तार नाही, भाताचा पेंढा आहे, ती म्हणाली. मग हसून म्हणाली, “वाडीवर या बाई, पुढची करताना दावते. सांगून नाय कळायचं.”

साधं बोलावणं होतं ते. मी गेले का? नाही. जी माझ्या दारात चिंध्या न्यायला बसते, तिच्यासमोर मांडी घालून शिकायचं? — मला ते जमलं नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लास रिकामा असताना मी बारीक कात्री घेतली. चारच टाके उसवीन, बघीन, परत घालीन — असं मनाशी म्हणत होते. चार टाक्यांत काही दिसलं नाही. मग आठ. मग मानेपासून खांद्यापर्यंत.

आत काय होतं, कसं सांगू? पेंढा कोंबलेला नव्हता. त्याच्या पिळलेल्या दोऱ्या होत्या, बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या, आणि प्रत्येक दोरी चिंधीत गुंडाळून शिवलेली. स्नायू जसे एकमेकांवरून जातात तशा त्या एकमेकींवरून गेलेल्या. रोज रगडताना हाताला जे लागलं असेल ते तिनं जिथल्या तिथं ठेवलं होतं. कुणाच्याही नजरेला कधी पडणार नाही अशा जागी तिचे टाके बाहेरच्याइतकेच बारीक होते. मी गुडघ्यांवर बसले. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही.

आणि ते मी कापलं होतं. एक पीळ सुटला, त्याच्यामागून दुसरा. मी परत बसवू लागले, बसेना. मान खाली आली. चार वाजता क्लासच्या मुली येणार होत्या.

मग मी जे केलं ते ऐका. कापडाच्या सरळ कडा नखांनी ओढून फाडल्या. पेंढा चावल्यासारखा बारीक तोडून जमिनीवर पसरला. चांगुणा आली तेव्हा तिला सांगितलं, उंदीर शिरले.

तिनं मानेवर हात ठेवला, सुटलेला एक पीळ बोटांनी चाचपला. मग म्हणाली, “चूक माझीच हाय. भाताचा वास ऱ्हातो पेंढ्याला. घालायला नको व्हता.”

मी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

त्यानंतर तिनं पेंढ्याला हात लावला नाही. आता स्पंज भरते. तिचे घोडे, बैल माथेरानच्या हॉटेलांत जातात, लोक फोटो काढतात. चांगले असतात. पण त्यांच्या माना माझ्या हत्तींसारख्याच झाल्या आहेत, आत तार घातलेल्या. ती घोडी कशी होती हे मला माहीत आहे, म्हणून हे मला कळतं. इतरांना कुठून कळावं?

गेल्या महिन्यात पहिल्यांदा तिच्या वाडीवर गेले. तिची सून शिवायला बसली होती. अंगणात नव्या पेंढ्याची उडवी रचलेली होती. सुनेनं विचारलं, हा एवढा पेंढा आहे, तोच भरला तर? चांगुणा म्हणाली, “पेंढा नाय घालायचा गं. उंदीर लागतात. बाईंना इचार, त्यांच्या डोळ्यादेखत झालंय.”

सुनेनं माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हणाले.

तिनं स्पंजची गोणी पुढे ओढली आणि तुकडे करायला लागली.