फोटोतला दुसरा हात

सिस्टरांचा कोणाच्याही सांगण्यावर विश्वास नसे. लिफ्ट दुरुस्त झाली असं वॉचमनने सांगितलं, तरी त्या आणखी दोन दिवस जिन्यानेच चढायच्या. औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी हातात आली की चष्मा कपाळावर सरकवून तारीख वाचायच्या आणि मग दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघायच्या. जवळच्या मुर्धा गावाहून टोपली घेऊन येणारी मासेवाली मावशी मासळीचा कल्ला उघडून दाखवायची, तरी या स्वतःचं बोट घालून बघत. "तुला माजा इश्वास न्हाय ना बाय," ती म्हणायची. "नाही," असं सांगून सिस्टर मासे घ्यायच्या. आपण काहीही सांगितलं तरी त्यांचा प्रश्न एकच असे, "कशावरून?"

मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात, बायकांच्या सर्जिकल वॉर्डात, त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर त्या भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. दारावर नावाची पाटी होती, पण सगळे सिस्टरच म्हणत. आम्ही लालबाग सोडून इथे आलो त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या मुलीचं लसीकरणाचं कार्ड मागितलं. सगळ्या लसी झाल्यात असं मी तोंडी सांगून पाहिलं. कार्ड हातात पडेपर्यंत बाई सोफ्यावरून हलल्या नाहीत. तेव्हा मला त्या अजिबात आवडल्या नव्हत्या, हे आज कबूल करते.

तीन-चार वर्षांपूर्वी एका आरोग्य संस्थेची मुलगी गुलाबी टी-शर्ट घालून आमच्या महिला मंडळात आली. स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृती करायची होती. करायचं एवढंच, की प्रत्येकीने मेकअप न करता सेल्फी काढायचा, संस्थेचा हॅशटॅग लावून टाकायचा आणि खाली आणखी तीन मैत्रिणींची नावं घ्यायची. ग्रुपची ॲडमिन मी, त्यामुळे मला कोण उत्साह आला. ऑफिसात बसून मी कोणी फोटो टाकला, कोणी नाही, यावर लक्ष ठेवत होते आणि मागे राहिलेल्यांना टोचत होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या सावंत वहिनींनी नियम जरा जास्तच मनावर घेतला. मेकअप नाही म्हणजे काहीच नाही, असं समजून त्यांनी टिकलीही काढली. तो फोटो फिरत फिरत गावच्या ग्रुपवर गेला आणि राजापूरहून त्यांच्या जाऊबाईंचा रडवेल्या आवाजात फोन आला, भाऊजी बरे आहेत ना. सावंत भाऊजी तेव्हा अंधेरीला मीटिंगमध्ये होते. संध्याकाळपर्यंत त्यांना सहा नातेवाइकांना आपण धडधाकट असल्याचं सांगावं लागलं. मग मी ग्रुपवर घाईघाईने लिहिलं, की टिकली चालेल. आमची हसून हसून पुरेवाट झाली. सिस्टर हसल्या नाहीत.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला त्या येऊन थेट त्या मुलीसमोर बसल्या. तपासणी कुठे होणार, कोण करणार, कुठल्या दिवशी, हे त्यांनी विचारलं. मुलगी गोड हसून म्हणाली, "आंटी, ये तो अवेअरनेस के लिए है. लोकांपर्यंत पोचतंय ना. किती लाइक्स आलेत बघा." कशावरून पोचतंय, असं विचारून सिस्टर आमच्याकडे वळल्या. "टिकली काढायची तर तुमची एवढी धावपळ झाली. डॉक्टरसमोर ब्लाउजची बटणं काढायला कोण कोण जाणार आहे, ते सांगा." सगळ्यांच्या उत्साहावर विरजण घालायची बाईंना सवयच आहे, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

मला एवढा राग यायला कारण होतं. त्याच्या दीड महिना आधी आंघोळ करताना उजव्या बाजूला, काखेजवळ, मला वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं होतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलीची दहावी होती, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, कारणं भरपूर होती. रोज हात लावून बघायचे आणि उद्या नसेल असं स्वतःला सांगायचे. मग हा सेल्फी आला. मी फोटो टाकला, खाली 'मी घाबरत नाही' असं लिहिलं, बायकांनी भराभर बदाम टाकले आणि मला खरोखर वाटलं, की आपण या बाबतीत काहीतरी केलं. आज ते आठवलं की मला माझीच भीती वाटते.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी नवरा मटण आणायला गेला असताना सिस्टर दारात उभ्या राहिल्या. हातात मोबाइल, त्यावर माझा तोच फोटो, दोन बोटांनी मोठा केलेला.

"फोटो टाकलास. तपासून घेतलंस काय गो?"

घेतलं, असं मी सांगितलं.

"कशावरून?"

रिपोर्ट ऑफिसात राहिलाय, मी म्हटलं. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "फोन उजव्या हातात आहे. डावा हात कुठाय?"

मी बघितलं. डावा हात छातीवरून ओढणीखाली गेला होता, पार उजव्या काखेपर्यंत. फक्त मनगट आणि दोन बांगड्या दिसत होत्या. बिल्डिंगने, ऑफिसने, माहेरच्या सगळ्यांनी तो फोटो पाहिला होता. मी स्वतः वीसेक वेळा पाहिला होता.

"वॉर्डात बायका अशाच बसायच्या," सिस्टर म्हणाल्या. "विचारलं की सांगायच्या, काही नाही, सहज गेला हात. किती दिवस झाले?"

दीड महिना, मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. त्यांनी पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. उद्या रजा टाक, एवढंच म्हणाल्या.

दवाखान्यातही त्यांचा स्वभाव बदलला नाही. नमुन्याच्या बाटलीवर माझंच नाव आहे ना, हे त्यांनी दोनदा वाचलं. डॉक्टरांना एकच गोष्ट तीन वेळा समजावून सांगायला लावली. गाठ चांगली नव्हती, पण वेळेत सापडली होती. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. त्या सगळ्या महिन्यांत सिस्टर पेज घेऊन यायच्या आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसून राहायच्या, कारण मी जेवले हे त्यांना माझ्या तोंडून खरं वाटत नसे.

मी जरा सावरल्यावर ती गुलाबी टी-शर्टवाली मुलगी पुन्हा आली. तिला माझा नवा सेल्फी हवा होता, बिनकेसांचा, आणि वर मजकूर, की एका सेल्फीने मला वाचवलं. मला ते धड खरं म्हणवेना, धड खोटंही. मी सिस्टरांना डिवचलं, की फोटो नसता तर तुम्हाला तरी कसं कळलं असतं. "ते खरं," त्या म्हणाल्या. "पण फोटो टाकून तू दीड महिन्याचे सहा महिने करणार होतीस." मी त्या मुलीला सांगितलं, आधी तपासणीची गाडी आण, मग फोटो घे.

दोन महिन्यांनी गोडदेवच्या नाक्यावर गाडी आली. सिस्टरांनी आतल्या डॉक्टरीणबाईंना त्या कुठे शिकल्या ते विचारलं आणि सगळ्यांच्या आधी स्वतः आत गेल्या. त्यांच्यामागे सावंत वहिनी, मग एकेक करत सगळ्याजणी. मीही फोटो दिला, वहिनींकडून काढून घेतलेला, दोन्ही हात दिसतील असा. सिस्टर मात्र फोटोत यायला तयार झाल्या नाहीत. आपला चेहरा पुढे कुठे कुठे जाईल याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं.

पुढे गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा भाची त्यांना गुहागरला घेऊन गेली. दर तपासणीनंतर मी त्यांना फोन करायचे. सगळं ठीक आहे म्हणाले डॉक्टर, असं सांगितलं की पलीकडून कशावरून यायचंच. मग मी रिपोर्ट उघडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचे. तारीखही. "हां, आता बरं वाटलं," असं म्हणून त्या फोन ठेवायच्या.

गेल्या गणपतीनंतर भाचीचा फोन आला. मावशी पहाटे झोपेतच गेली, ती म्हणाली.

"कशावरून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मग तिने मला सगळं नीट सांगितलं, डॉक्टर किती वाजता आले, नाडी कोणी पाहिली, दाखल्यावर काय लिहिलं. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला अजून ते खरं वाटत नाही.