डब्यावरची चुन्याची रेघ

आमच्या अप्पांची, म्हणजे वडिलांची, सीमेवरच्या निर्णा गावात पिठाची गिरणी होती. आता त्याच खोलीतून मी गावाला इंटरनेट पुरवतो. गिरणीच्या जागी मशीनचं कपाट उभं आहे, पण भिंतीच्या भेगांतून अजून ज्वारीचं पीठ निघतं आणि कपाटाच्या पंख्यात जाऊन बसतं. दोन्ही धंद्यांत गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं : "आमचं कवा व्हायचं?"

अप्पा या प्रश्नाला कधी घाबरले नाहीत. मी घाबरतो. मला कुणाच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही. राग येतो, नाही असं नाही, पण तो गिऱ्हाईक निघून गेल्यावर येतो, आणि मग कपाटाचं दार जोरात आपटण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नसतो.

अप्पांचा नियम सरळ होता. डबे येतील तसे रांगेत. फक्त लग्नघर, मयताचं घर आणि बाळंतिणीचं घर, या तिन्हींना ताटकळत ठेवायचं नाही. त्यांचा डबा आला की अप्पा तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन झाकणावर एक रेघ ओढत. गिरणीवरचा गडी झाकण उघडून आत गहू आहे की बाजरी हे बघत नसे. रेघ दिसली की डबा पुढे.

इंटरनेटचंही असंच असतं हे हुमनाबादला कोर्स करताना कळलं, तेव्हा मी भर वर्गात हसलो होतो. आपण पाठवतो ते सगळं बारीक बारीक पाकिटांतून जातं. प्रत्येक पाकिटाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, कुठून आलं, कुठं जायचं. तिथंच खुणेसाठी थोडी जागा राखलेली असते. त्या जागेत ४६ हा आकडा पडला, की वाटेतलं मशीन पाकीट न फोडता ओळखतं, हे तातडीचं, याला आधी सोडा. बोलण्याची पाकिटं लहान, पण त्यांना उशीर सोसत नाही. सिनेमा दहा सेकंद थांबला तर कुणाचं काही अडत नाही. गावाबाहेर गेल्यावर ही खूण बहुधा कुणी विचारत नाही, पुसूनही टाकतात. पण आमची कोंडी गावातून बाहेर पडणाऱ्या एकाच तारेवर व्हायची, आणि तिथं सत्ता माझी होती.

सत्ता आली आणि मी बिघडलो. पहिली खूण स्वतःच्या घराला केली, क्रिकेटसाठी. आमच्या घरातून काहीही निघो, त्यावर ४६. मग एक काकी आल्या, जावई दुबईला. केली खूण. एकाची म्हैस आजारी, डॉक्टर फोनवरून बघणार. केली. पलीकडचे ऊसवाले काका आले, त्यांच्याकडे काहीच कारण नव्हतं. ते म्हणाले, "शेजाऱ्याला केलास, मला कामून न्हाई?" खरं सांगायचं तर सगळ्यांत प्रामाणिक माणूस तोच. त्यांनाही केली. गावात माझ्याइतका भला माणूस कुणी नाही, असं त्या दिवसांत मला वाटायचं.

आणि मग बहिणीची मुलाखत आली.

ती बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ नऊ दिवसांचं. कलबुर्गीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची जागा होती. दोनदा ती जागा तिच्या हातून निसटली होती, आणि या खेपेनंतर वयाच्या अटीत ती बसणार नव्हती. बाळंतीण म्हणून त्यांनी व्हिडिओवर मुलाखत घ्यायचं कबूल केलं होतं. सकाळी अकरा वाजता.

आदल्या संध्याकाळी आम्ही तालीम घेतली. मी गिरणीच्या खोलीतून साहेब झालो आणि कन्नडमधून गंभीर आवाजात विचारलं, तुमचा परिचय द्या. तिने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. चित्र गोठलं. आवाज तुटला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती रडायला लागली, आणि तेवढं मात्र न तुटता नीट ऐकू आलं.

मी यादी उघडून बघितली. चार-पाच घरं सोडली तर सगळ्या गावावर ४६. तातडीच्या रांगेत पोरांचे खेळ, काकांचे सिनेमे, माझं क्रिकेट सगळं दाटीवाटीने उभं, आणि साध्या रांगेत कुत्रंसुद्धा नाही. बहिणीची नोकरी मीच माझ्या भलेपणाने बुडवत होतो.

अप्पा दारात येऊन उभे होते. "कुणाकुणाला रेघ वढलास?"

"सगळ्यांलाच, अप्पा."

"पयली कुणाची?"

मी यादीतलं पहिलं नाव बोटाने झाकलं.

"गिरणीत आपला डबा कवा दळायचा रं?"

सगळ्यांत शेवटी. मला चांगलं आठवत होतं. लहानपणी गिरणीवाल्याच्या घरात भाकरी सगळ्या गावाच्या मागून व्हायची आणि मी भुकेने आईचा पदर ओढायचो.

"आन् दुसरं एक," अप्पा म्हणाले. "मी घराला कवा बी रेघ वढलो न्हाई. डब्याला वढायचो. लग्नघराचा बी एकच डबा म्होरं, बाकीचे रांगेत. तू घरंच्या घरं म्होरं ढकलायलास."

कोर्समध्ये हेच शिकवलं होतं. इंग्रजीत शिकवलं होतं म्हणून असेल, डोक्यात शिरलं नव्हतं.

जेवायच्या आत मी सगळ्या घरांच्या खुणा पुसल्या, आधी आपल्या. मग नव्याने एकच नियम लावला : कुणाच्याही घरचा असो, बोलण्याचा कॉल असेल तर ४६, बाकी सगळं रांगेत, आणि आमच्या घरचं बाकीचं सगळ्यांत शेवटी. आणि बहिणीच्या लॅपटॉपवरचा कॉल त्या सगळ्यांच्याही पुढे. हा शेवटचा नियम लावताना हात थबकला. परत आपल्याच घरचं? अप्पांना विचारलं.

"ती बाळंतीण हाय की न्हाई?" ते म्हणाले. "मग विचारायलास काय?"

सकाळी साडेदहाला बहीण काठापदराची साडी नेसून बसली. अप्पांनी डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि लॅपटॉपच्या पाठीवर एक रेघ ओढली. ती हसली, आणि तिचं हसणं बघून माझा जीव भांड्यात पडला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी ऊसवाल्या काकांचा फोन. "काय करायलास रं? माझा पिच्चर नुसता फिरायलाय! खूण काढलास व्हय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, "व्हय काका, काढलो. आज न्हाई जमायचं. बहिणीची मुलाखत चालू हाय."

काका खेकसले, "बाळंतीण पोरगी मुलाखतीला बसलिया, आन् तू मला आत्ता सांगायलास? आधी सांगायचं न्हाई व्हय?" त्यांनी फोन ठेवला आणि घरचं मशीनच बंद करून टाकलं. मला इथं पडद्यावर दिसलं. थोड्या वेळाने त्यांच्या गल्लीतली आणखी घरं एकेक करून बंद झाली. काकांनी ओरडून सांगितलं असणार, त्यांच्या आवाजाला तार लागत नाही. मी तिथंच पिठाच्या भिंतीला टेकून रडलो, सांगायला लाज कसली.

मुलाखत पाऊण तास चालली. एकदाही तुटली नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं, तिची निवड झाली.

परवा संध्याकाळी मॅच बघत बसलो होतो. शेवटची ओव्हर, सहा धावा हव्यात, आणि आमचं चित्र गोल गोल फिरायला लागलं. पलीकडून काकांच्या घरातून आरोळी आली, "सिक्स!" आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत यायचा होता. बायकोने माझ्याकडे बघितलं. बाजेवर पडलेले अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "गिरणी बराबर चालायली म्हन की आता."